ओल इथे, भेग तिथे

तळेघरचा पाऊस म्हणजे भीमाशंकरच्या डोंगराचा पाऊस! बचतीतून आम्ही जुनी जीप घेतली आणि वर्षावासाच्या सुरुवातीलाच मुलांची दप्तरे भिजली. जुन्या मालकाला दोष देत, थेंब पडे तिथेच आम्ही लांबी भरली. गळती थांबेना. मग छताचे आतले अस्तर सोडवले. एक जण बॅटरी घेऊन आत बसला, दुसऱ्याने बाहेरून तांब्याने पाणी ओतले, तेही खालून वर. आधी वर ओतले तर ते सगळीकडे पसरते. भेग सापडली पन्हळीच्या सांध्यात, थेंबापासून हातभर लांब! जागा वाळवली, गंज खरवडला, रेड ऑक्साइड मारून सीलंट भरले. दुःखाचे कारण शोधा, हे भगवान बुद्धांनी शिकवले. बंधू-भगिनींनो, घरातल्या भांडणातही आधी भेग शोधू या. जय भीम!