इशाऱ्याची पत

लाटेचं गणित मांडता येतं, असं म्हटलं की पुष्कळांना गंमत वाटते. लाट ही कवींची मालमत्ता, असं आपण धरूनच चाललेलो असतो. पण २६ डिसेंबर २००४ हा दिवस आठवून पाहा. रविवारच होता तो. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राचा तळ हलला आणि सुमारे अडीच तासांनी लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या. सगळे देश मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. अडीच तासांत म्हातारा माणूसदेखील चालत सुरक्षित जागी पोचला असता. पण हिंदी महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच तेव्हा नव्हती. हैदराबादेत आपलं केंद्र सुरू झालं ते २००७ साली.

त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. ४,००० मीटर खोलीवर ताशी सुमारे ७०० किलोमीटर, तर १० मीटर खोलीवर जेमतेम ३५. समुद्राचा तळ सर्वत्र सारखा नसल्यामुळे लाट वाकते, वळते, कुठे दुप्पट होते, तर कुठे विरते. म्हणून संगणकात समुद्राचे चौकोन पाडतात, मुलांच्या गणिताच्या वहीसारखे. एका चौकोनातलं पाणी पुढच्या क्षणी किती चढेल, हे शेजारच्या चौकोनांवरून काढायचं, मग त्याच्या पुढच्या क्षणाचं, मग त्याच्याही पुढच्या. हवामानासाठी हीच कल्पना लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ साली मांडली, तेव्हा संगणक नव्हते. त्याने हिशेब करायला ६४,००० माणसं बसवण्याचं स्वप्न पाहिलं होतं!

यात एक मेख आहे. साध्या रीतीत दर पावलाला किंचित चूक राहते. कागदावरची लाट खऱ्या लाटेच्या मागे पडते, पसरते, आणि तिच्यामागे समुद्रात नसलेल्याच लहरींचं शेपूट लागतं. मी उमेदीची वर्षं बँकेत काढली. व्याजाच्या एका हप्त्यातला पैशाचा फरक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, वीस वर्षांच्या खात्यात मात्र तो उठून दिसतो. इथे तर हजारो पावलं असतात.

मग चौकोन बारीक करावेत? चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं. म्हणजे काम आठपट. साध्या, दुसऱ्या कोटीच्या रीतीत एवढ्या कष्टाने चूक एक चतुर्थांशावर येते. चौथ्या कोटीच्या रीतीत ती सोळाव्या हिश्शावर येते, कारण ही रीत केवळ लगतच्या नव्हे, तर त्यापलीकडच्या शेजाऱ्यांचीही साक्ष काढते. भूकंपलहरी, ध्वनी, समुद्राच्या लाटा, सगळीकडे गणिती मंडळी अशा उच्च कोटीच्या रीतींवर मेहनत घेत आहेत. ती जादू नव्हे. लाट फुटून भिंतीसारखी उभी राहिली की हीच रीत खोट्या लहरी उठवू शकते आणि तिला आवर घालावा लागतो. शिवाय तळाच्या खोलीचे आकडेच चुकीचे असतील, तर उत्तम रीतही चुकीचंच उत्तर देणार, फक्त अधिक नेटकेपणाने.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. या खेपेला तळ उभा न उचलता आडवा सरकला, म्हणून विनाशक लाट आली नाही. पण किनाऱ्याकिनाऱ्यावर माणसं जीव घेऊन पळाली. कोळ्याला होड्या सोडून चार वेळा उगाच पळायला लावलं, तर पाचव्या वेळी तो हलणार नाही. बँकेची पत गेली की ठेवीदार पैसे काढून नेतात. इशाऱ्याची पत गेली की माणसं किनाऱ्यावरच थांबतात.

आणि हा प्रश्न केवळ पूर्व किनाऱ्याचा नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. तरीही भोंगे आणि इमारती यांवरचा खर्च आपल्याला पटतो, कारण तो दिसतो. पाच-सहा माणसांनी खोलीत बसून एका समीकरणाची चूक कमी करण्यावरचा खर्च मात्र चैन वाटतो. गणितात रमलेल्या मुलाला ‘याचा उपयोग काय?’ असं आपण घरोघर विचारतो. त्याचं एक उत्तर किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या जिवाशी बांधलेलं आहे. अशा मुलांना आणि त्यांच्या संस्थांना पैसा आणि वेळ द्यायचा, तर तो समुद्र शांत असतानाच द्यायला हवा.