मिरपुडीचं पिस्तूल

मित्राच्या सहा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला 'द रॉबर हॉट्झेनप्लॉट्झ' दिलं. दोनच दिवसांनी याचा फोन. "अरे, दरोडेखोराचं पुस्तक काय देतोस? जरा काहीतरी चांगलं द्यायचंस ना!"

आता याला काय सांगायचं?

ओट्फ्रीड प्रॉयस्लरचं हे जर्मन पुस्तक १९६२ सालचं. (इंग्रजीत आणलं अँथिया बेलनी, म्हणजे आपल्या अ‍ॅस्टेरिक्सवाल्या.) यातला दरोडेखोर लुटतो काय, तर आजीची कॉफी दळायची चक्की! हँडल फिरवलं की गाणं वाजवणारी. कमरेला सात सुरे, हातात पिस्तूल, पण त्यात मिरपूड भरलेली. शिवाय गडी धंद्यात एकदम चोख. सकाळी वेळेवर उठून लुटायला बाहेर पडतो. आपल्यातले किती जण... असो.

आणि एफ. जे. ट्रिपची चित्रं! राठ दाढी, बाकदार नाक, टोपीत लांब वाकडं पीस. मुलांना चोराची भीती वाटतेच हो, पुस्तक दिलं नाही तरी वाटते. रात्री अंधारात त्या चोराला चेहरा नसतो, हीच तर भानगड असते. ट्रिप त्याला हसण्यासारखं नाक देतो.

पण म्हणून हा चोर अगदीच बावळट नाही. कास्पर्ल आणि सेपेल हे दोघे पोरगे पेटीत वाळू भरतात, वर 'सोनं' असं लिहितात आणि तळाला भोक पाडतात. चोर पेटी पळवणार, वाळू सांडत जाणार, की मागोमाग थेट गुहेत! डिझाइन रिव्ह्यूमध्ये आपण हे डोळे मिटून पास केलं असतं. चोराला मात्र वाळू दिसते. तो दुसऱ्या दिशेने आणखी एक वाळूची रेघ ओढून ठेवतो आणि दोघेही त्याच्या तावडीत सापडतात. इथे पोरं हसता हसता श्वास रोखतात. ही भीती काढून टाकली तर उरलेल्या गमतीत काही दम नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि प्रॉयस्लरला भीती ठाऊक नव्हती थोडीच? दुसऱ्या महायुद्धात पकडला जाऊन तो पाच वर्षं सोव्हिएत युद्धकैदी होता. नंतर शाळामास्तर झाला. 'क्राबाट' नावाची काळीकुट्ट कादंबरी लिहिताना अडकला, तेव्हा जरा मोकळं वाटावं म्हणून त्याने हा चोर लिहिला.

परवा मित्राचा पुन्हा फोन. पोरीने मिक्सरचं भांडं पळवून पलंगाखाली लपवलंय, आणि खंडणी म्हणून पुस्तकाचा पुढचा भाग मागतेय. तो कुठे मिळेल, असं विचारत होता.