दाव्यात माती कुठे आहे?

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. पंचगंगेची गाऱ्हाणी कोर्टांना नवी नाहीत. काठच्या जमिनींची मात्र अजून फारशी मांडली गेलेली नाहीत. पाण्यासाठी १९७४चा, हवेसाठी १९८१चा कायदा आहे, मातीला स्वतंत्र कायदा नाही. म्हणून कारखान्याच्या सांडपाण्याने रान बिघडल्याचे सांगत शिरोळ-हातकणंगल्याचा शेतकरी आला की आपण वकील त्याचे दुखणे जलप्रदूषणात बसवतो. पावसाळ्यात नाल्याचे पाणी निवळते, मातीत उतरलेले क्रोमियम, निकेल तिथेच राहते.

समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार, 'उसाला पाणी जास्त पाजलं, म्हणून रान क्षारपड झालं.' शिरोळात हा बचाव कित्येकदा खराही असतो. सामू ८.५च्या वर आणि विद्युतवाहकता ४च्या वर दाखवणारा रिपोर्ट जमीन बिघडल्याचे सांगतो, कोणामुळे ते सांगत नाही. त्यासाठी ज्याच्यावर दावा आहे त्या उद्योगात वापरले जाणारे धातू तपासून घ्यावे लागतात. शिवाय तेच पीक, तेच पाणी असलेल्या, पण सांडपाणी न शिरलेल्या शेजारच्या रानातून तेवढ्याच खोलीवरचा नमुना हवा. तो नसेल तर दावा तिथेच ढिला पडतो.

१९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ११मध्ये मातीचा नमुना घेण्याचा अधिकार स्पष्ट दिला आहे. नोटीस, हजेरी, सील, सह्या यांत कसूर झाली तर तो अहवाल पुराव्यात घेता येत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण पुरावा कायद्याने बांधलेले नाही, तरी पंचनामा तितकाच चोख ठेवावा.

मागणीतही आपण कमी पडतो. पिकाची नुकसानभरपाई मागून थांबतो. न्यायाधिकरणाच्या कायद्याचे कलम १५ पर्यावरण पूर्ववत करून देण्याचा आदेशही देऊ देते. राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने विषारी झालेली जमीन सुधारण्याचा खर्च कारखान्यांवरच टाकला होता. २०२५च्या प्रदूषित स्थळांविषयीच्या नियमांनी तक्रारीची आणखी एक वाट उघडली आहे. घातक रसायनांच्या प्रकरणांत ती जरूर वापरावी.

कलम १५ची मुदत दाव्याचे कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षे. म्हणून पक्षकाराला पहिल्याच भेटीत साखर कारखान्याची ऊसबिले आणायला सांगा. एकरी टनेज कोणत्या हंगामापासून घसरले, ते त्यांतच दिसते.