तिसरीपासून ‘कोडिंग’ म्हणजे नेमकं काय? लाल फरशी आली तर वळा, निळी आली तर थांबा!

तिसरीतल्या मुलांना आता कोडिंग? २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच एआय आणि ‘कम्प्युटेशनल थिंकिंग’ शिकवण्याची घोषणा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली आणि अनेक पालकांना हाच प्रश्न पडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगचा उल्लेख सहावी ते आठवीच्या टप्प्यासाठी होता.

मुलं नक्की काय करतात?

या वयात कोड टाइप करायचा नसतो. सुरुवात तीन गोष्टींपासून होते.

पहिली, क्रम. फोडणीत आधी तेल तापतं, मग मोहरी पडते. सूचनाही तशाच, एकामागून एक द्याव्या लागतात.

दुसरी, लूप. चौरस काढायला ‘पुढे जा, उजवीकडे वळ’ हे चारदा लिहिण्याऐवजी ‘४ वेळा कर’ असं एकदाच सांगायचं.

तिसरी, अट. इथे रंग कामी येतात. फरशी लाल असेल तर वळ, निळी असेल तर थांब. रंग जुळवण्याचा हा खेळ म्हणजे ‘जर-तर’ची पहिली ओळख.

ही कल्पना नवी नाही. मुलांसाठीची ‘लोगो’ ही भाषा १९६७ मध्ये तयार झाली. सीमोर पॅपर्ट तिच्या निर्मात्यांपैकी एक. एमआयटीत घडलेलं ‘स्क्रॅच’ २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यात रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम बनतो.

कॉम्प्युटर नसेल तर?

यूडायस प्लसच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ६४.७ टक्के शाळांत कॉम्प्युटर आहेत. म्हणजे तीनपैकी साधारण एका शाळेत तो नाही. पण वरचे तिन्ही खेळ खडूने आखलेल्या चौकटींवरही होतात. एक मूल ‘रोबो’ होतं, दुसरं सूचना देतं. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेला ‘सीएस अनप्लग्ड’ हा उपक्रम अशाच खेळांवर उभा आहे.

खरी अडचण कुठे?

समजा, मुलीने ‘४ वेळा’ऐवजी ‘३ वेळा’ लिहिलं. चौरसाची एक बाजू उघडी राहते. कुठे चुकलं हे ती स्वतः शोधते आणि दुरुस्त करते. या खेळाचा खरा धडा हाच. पण वहीत लाल फुली मारून एक गुण कापला, तर तो धडा तिथेच संपतो. उरतं ते उत्तरांचं पाठांतर.

आणखी एक बाब सहज निसटते. काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक ओळखता येत नाही आणि मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण जास्त असतं. अशा मुलाची चूक तर्काची नसते, पण शिक्का ‘ढ’ असा बसू शकतो. उपाय बिनखर्चाचा आहे: रंगासोबत आकारही द्यावा. लाल चौकटीत गोल, हिरवीत त्रिकोण.

त्यामुळे पालकांनी शाळेला ‘कोणतं सॉफ्टवेअर?’ हे विचारण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा: मूल चुकलं, तर पुन्हा करून बघायला वेळ मिळणार आहे का?