वायुवाहिनी नाकारण्याची किंमत

म्यानमारच्या किनाऱ्यालगत असलेल्या श्वे वायुक्षेत्रात ओएनजीसी विदेश आणि गेल या दोन भारतीय सरकारी कंपन्यांची भागीदारी आहे. तेथील बहुतांश वायू मात्र २०१३ पासून चीनच्या युनान प्रांताकडे जातो. भारताचे भांडवल आणि चीनचे इंधन, असा हा व्यवहार आहे. विकसनशील देशांच्या ऊर्जासुरक्षेचा विचार करताना हे उदाहरण नजरेआड करता येत नाही.

वास्तविक, हा वायू बांगलादेशमार्गे भारतात आणण्यास तिन्ही देशांच्या मंत्र्यांनी जानेवारी २००५ मध्ये यांगून येथे तत्त्वतः मान्यता दिली होती. मोबदल्यात बांगलादेशाला नेपाळ व भूतानशी व्यापारासाठी भारतातून वाट हवी होती, तसेच व्यापारातील तूट कमी व्हावी अशी अपेक्षा होती. हे द्विपक्षीय प्रश्न वायुवाहिनीशी जोडण्यास दिल्लीची तयारी नव्हती. घोळ लांबला आणि २००८ मध्ये म्यानमारने चिनी कंपनीशी ३० वर्षांचा करार केला.

इराण-पाकिस्तान-भारत या सुमारे २,७०० किलोमीटरच्या वाहिनीची कथा अधिक गुंतागुंतीची. वायूचा दर, पाकिस्तानातील सुरक्षितता आणि अमेरिकेचा उघड विरोध या तिन्ही अडचणी खऱ्या होत्या. अमेरिकेशी अणुकराराची बोलणी सुरू असताना भारताचा उत्साह ओसरत गेला. पाकिस्ताननेही आपल्या हद्दीतील काम आजतागायत पूर्ण केलेले नाही. तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे पंजाबातील फाजिल्कापर्यंत वर्षाला ३३ अब्ज घनमीटर वायू आणणारी ‘तापी’ वाहिनी तर डिसेंबर २०१५ मध्ये कामाचा आरंभ होऊनही भारताच्या दृष्टीने कागदावरच आहे.

वाहिनी एकदा जमिनीत गाडली की तिची दिशा बदलता येत नाही. वाटेतल्या देशाच्या हाती झडप येते, ही भीती निराधार नाही. म्हणूनच भारताने जहाजांतून येणाऱ्या द्रवरूप वायूचा मार्ग पत्करला. दहेजचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले, पुढे कोकणात दाभोळचेही झाले. कतारशी असलेला वर्षाला ७५ लाख टनांचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढविण्यात आला.

परंतु समुद्रमार्ग म्हणजे निर्धोक मार्ग नव्हे. कतारच्या प्रत्येक जहाजाला होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडावे लागते. शिवाय जहाज जास्त दर देणाऱ्याकडे वळू शकते. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये युरोपने चढ्या भावाने वायू उचलला, तेव्हा बांगलादेशाला तात्कालिक बाजारातील खरेदी थांबवून वीजकपात सोसावी लागली. भारतातही रशियाच्या गाझप्रॉमच्या पूर्वाश्रमीच्या उपकंपनीकडून ठरलेला माल न आल्याने गेलला ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला. युरियाच्या कारखान्यांना नैसर्गिक वायू हाच कच्चा माल असल्याने अशा टंचाईची झळ सरकारी अनुदानापासून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचते.

याचा अर्थ प्रत्येक वाहिनी स्वीकारायला हवी होती, असा नाही. इराणच्या वाहिनीस नकार देण्यामागे सबळ कारणे होती. म्यानमारच्या बाबतीत मात्र काही सवलती देऊन प्रश्न सुटण्याजोगा होता. बिहारमधील मोतिहारीहून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत तेलवाहिनी २०१९ मध्ये सुरू झाली, म्हणजे शेजाऱ्यांशी असे व्यवहार अशक्य नाहीत. दोघांचाही लाभ गुंतलेला असेल तर झडप बंद करणे दोघांनाही परवडत नाही.

नकार देताना पर्यायाचीही तरतूद करावी लागते. खनिज तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे भूमिगत साठे उभारले गेले. गरजेपैकी सुमारे निम्मा वायू आयात करणाऱ्या भारताने वायूसाठी तसे मोठे साठे आजवर उभारलेले नाहीत. वाहिनीच्या जोखमीची चर्चा दिल्लीत दोन दशके झाली. वाहिनी नसण्याच्या जोखमीचा हिशेब अजून व्हायचा आहे.