हेलो नको म्हणणाऱ्या मंडळींना

मंडळी, गेला आठवडाभर आमच्या घरात (म्हणजे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, हल्ली घर म्हणजे तेच!) फॉर्म्युला वनवरून जुंपली आहे. आमच्या भाचेरावांचं म्हणणं असं की या शर्यतीत आता राम उरलेला नाही. इंजिनाचा आवाज गेला, २०२६ पासून जवळजवळ निम्मी ताकद विजेची झाली, पाऊस आला की गाड्या थांबवतात आणि चालकाच्या डोक्यावर हेलो बसवला. "मावशी, पूर्वी मर्दांचा खेळ होता गं, आता बालवाडी झालीये." आता मावशीने पस्तीस वर्षं शाळेत काढली आहेत. बालवाडी जवळून पाहिली आहे आणि स्वतःला मर्द समजणारेही. तेव्हा ग्रुपवर दोन ओळींत उरकण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

हेलो म्हणजे फोनवरचा नव्हे. चालकाच्या डोक्याभोवतीची टायटॅनियमची कमान, २०१८ पासून सक्तीची. दिसायला स्लिपरच्या पट्ट्यासारखी, हे मला मान्य आहे. पण भाचेराव ज्याला मर्दांचा काळ म्हणतात, त्यातला एक दिवस सांगते.

२९ जुलै १९७३, हॉलंडमधलं झांडफोर्ट. रॉजर विल्यमसन नावाचा तरुण आयुष्यातली दुसरीच ग्रां प्री धावत होता. त्याची गाडी उलटली आणि पेटली. तो आत अडकलेला, जिवंत. मागून येणाऱ्या डेव्हिड पर्ली या चालकाने स्वतःची गाडी थांबवली, धावत रस्ता ओलांडला आणि ती जळती गाडी एकटा सरळ करायला लागला. कडेला उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर आगीत शिरता येतील असे कपडेच नव्हते. बाकीचे चालक शेजारून जात राहिले. त्यांना वाटलं, पर्ली हाच त्या गाडीचा चालक आहे आणि तो सुखरूप बाहेर आलाय. शर्यत थांबवली नाही. विल्यमसन तिथेच गेला. पर्लीला पुढे जॉर्ज मेडल मिळालं. याचं चित्रण उपलब्ध आहे. नातवाने मला दाखवलं तेव्हा मी मध्येच उठून आत गेले.

त्या दिवशी जिंकला जॅकी स्टुअर्ट. हा तोच स्टुअर्ट, ज्याला त्या काळचे 'थरारप्रेमी' भित्रा म्हणायचे. १९६६ साली बेल्जियममध्ये स्पा इथे पावसात त्याची गाडी घसरली, तो पेट्रोलने भिजलेला आत अडकला. दोन सहकारी चालकांनी एका प्रेक्षकाकडून हत्यारं मागून आणली आणि स्टिअरिंग सोडवून त्याला बाहेर काढलं. डॉक्टर नाही, धड व्यवस्था नाही. त्यानंतर तो गाडीत स्टिअरिंगला पाना चिकटवून धावायचा आणि शर्यतीबाहेर कठडे, डॉक्टर, अग्निशमन यांसाठी भांडायचा. खेळातली मजा घालवली म्हणून लोक त्याच्यावर चिडले. भित्रा म्हणे! तीनदा जगज्जेता झालेला माणूस. १९७३च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला सरावात त्याचा तरुण साथीदार फ्रांस्वा सेव्हेर गेला. स्टुअर्टची ती शंभरावी शर्यत ठरणार होती. तो ती धावलाच नाही, तिथूनच निवृत्त झाला.

भाचेराव, मला एवढंच सांगा, या सगळ्यातलं नेमकं काय तुम्हाला परत हवंय?

आणि हेलो काही कुणाला आवडलेला नव्हता. रोमां ग्रोजां हा फ्रेंच चालक त्याच्या विरोधातच होता. २९ नोव्हेंबर २०२०ला बहारीनमध्ये पहिल्याच फेरीत त्याची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. अठ्ठावीस सेकंद तो त्या आगीत होता. मग आपल्या पायांनी बाहेर आला, भाजलेले हात घेऊन. कठड्याचं लोखंड त्याच्या डोक्यावर येण्याऐवजी हेलोवर आलं. हेलोमुळेच आपण आज बोलू शकतो असं नंतर त्याने स्वतःच सांगितलं. मी ती शर्यत थेट पाहत होते. त्या अर्ध्या मिनिटात मला कसलाही 'थरार' वाटला नाही, देवाचं नाव तेवढं घेतलं.

सुरक्षा अती झाली म्हणणाऱ्यांनी जपानच्या सुझुकाकडेही बघावं. २०१४ साली तिथे पावसात ज्यूल बिआंकीची गाडी बाजूला काम करणाऱ्या ट्रॅक्टरवर आदळली. नऊ महिन्यांनी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. आणि २०२२ साली त्याच सुझुकाला, तशाच पावसात, पिएर गॅस्लीच्या वाटेत पुन्हा ट्रॅक्टर! तो संतापला नसता तरच नवल.

आता नियमांबद्दल. नियम सारखे बदलतात ही तक्रार मला कळतच नाही. अहो, फॉर्म्युला या शब्दाचा अर्थच मुळी नियमांचं सूत्र. इंजिन विजेवर चालो की रॉकेलवर, सगळ्यांना सारखं असलं म्हणजे झालं. मला खटकतं ते वेगळंच, आणि त्यावर ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही.

१२ डिसेंबर २०२१, अबुधाबी. हॅमिल्टन आणि व्हर्स्टापनचे वर्षभराचे गुण सारखे, आणि हंगामाची शेवटची शर्यत. हॅमिल्टन पुढे असताना अपघात झाला आणि सेफ्टी कार आली. दोघांच्या मध्ये फेरीने मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. संचालकाने त्या पाचांनाच पुढे जायला सांगितलं, बाकीच्यांना नाही. आणि नियमाने आणखी एक फेरी थांबायचं, तेही न थांबता शेवटच्या फेरीसाठी शर्यत सोडली. नवे टायर असलेला व्हर्स्टापन जिंकला. त्याचा दोष नाही, समोर आलं ते त्याने घेतलं. पण परीक्षेच्या शेवटच्या पाच मिनिटांत पर्यवेक्षकाने पाचच मुलांना पुरवणी द्यावी, असा तो प्रकार झाला. चौकशीत ती मानवी चूक ठरली, संचालक बदलला, निकाल तसाच राहिला. का केलं असं? तर शेवट रंगतदार व्हावा म्हणून, मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

त्याच वर्षी स्पाला धो धो पाऊस. धावणं शक्य नव्हतं हे मान्य, मग लोकांना घरी पाठवायचं. तर सेफ्टी कारमागून दोन-चार फेऱ्या मारल्या आणि अर्धे गुण वाटून टाकले. शर्यत म्हणे!

बरं, नियम वाकवणारेच हे लोक, तर निदान सगळ्यांसाठी वाकवावेत. २०२३ साली लास व्हेगासला झगमगाटात नवी शर्यत भरवली. पहिल्या सरावात रस्त्यातलं पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण उखडलं आणि कार्लोस साइन्झच्या फेरारीचा तळ फाडून गेलं. सराव रद्द झाला. दुसरा सराव रात्री अडीचला सुरू झाला, तोवर तिकिटं काढून आलेल्यांना बाहेर काढलेलं. साइन्झच्या गाडीची बॅटरी बदलावी लागली, म्हणून त्याला दहा जागांची शिक्षा. पंचांनी लिहून दिलं की सूट द्यायचा अधिकार असता तर दिली असती, पण नियम म्हणजे नियम. रस्ता यांचा, झाकण यांचं, शिक्षा त्याला. दुसऱ्या क्रमांकाची वेळ काढलेला तो मुलगा बाराव्या जागेवरून सुटला आणि सहावा आला.

भाचेराव, यावर लिहा काहीतरी ग्रुपवर. मी वाट बघते.