करवतीची पट्टी किती लांब?

दादरच्या आमच्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर गॅलरीत टेबल-करवत थाटली. गणपतीचे मखर घरीच करायचे, हा हट्ट! पहिलेच लाकूड गिरगावात पाडलेल्या चाळीच्या तुळईचे, जुने बर्मी सागवान. उभे चिरताना ते अर्ध्यावर अडकले आणि उसळून थेट त्यांच्या पोटावर आले. चेहरा वाचला हेच नशीब. वहिनींनी महिनाभर करवतीचे नाव काढू दिले नाही.

मी जाऊन पाहिले, तर ज्या पट्टीला लाकूड टेकवून सरकवायचे, ती पात्याच्या पार पलीकडे गेलेली! वाचकहो, अस्सल लाकूड चिरले की त्यातला ताण सुटतो आणि फाका बाहेर वळू पाहतात. पट्टी लांब असली की आतल्या फाकेला जागाच उरत नाही. ती पात्यावर दाबली जाते, आणि मागून वर येणारे दात तिला उचलून तुमच्याच अंगावर भिरकावतात.

तेव्हा सागवानासाठी पट्टीचे पलीकडचे टोक पात्याच्या मध्याशीच थांबावे. नवी पट्टी कशाला? आहे तिलाच एक सरळ, आखूड फळी क्लॅम्पने आवळा. 8 बाय 4 फुटी प्लायला मात्र टेबलाएवढी लांब पट्टी हवी. प्लाय सहसा उमलत नाही, पण तिरकी जायला वेळ लागत नाही. आणि पात्यामागचे उभे पान अडचण म्हणून काढून ठेवू नका. स्नेह्यांनी नेमके तेच केले होते.

यंदा मखर झाले. वहिनींची अट एकच: दुपारी 2 ते 4 करवत बंद. खालच्या आजी निजतात.